पाण्याशी संसार

नादिरचं वागणं बिघडलंय, असं गावाहून येणारं जाणारं कुणी ना कुणी ताजमाहला ऐकवतच होतं, आणि नवऱ्याच्या वागण्याबद्दल चार लोकांकडून ऐकून घ्यावं लागणं यासारखी दुसरी नामुष्की नाही. उशिरा येतो. आला तर गढूळ येतो. उन्हाळ्यात तर चौकातल्या हौदाशी येऊन नुसतं तोंड दाखवतो आणि मुरतो. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं असं कधी केलं नव्हतं. खोडी होत्याच, नाही कोण म्हणतं? थंड होता, घुमा होता, गोड शब्द कधी त्याच्या तोंडून निघाला नाही. पण वेळेला पक्का. ताजमाहचा पहिला नवरा सफदर हाडामांसाचा माणूस होता, मालमोटारीचा ड्रायव्हर, आणि वेळेला तो एकदाच पक्का निघाला, तेही घाटातल्या वळणावर मरणाच्या वेळेला. हा दुसरा, नादिर, करेज होता. डोंगराच्या पायथ्याशी धरलेलं पाणी जमिनीच्या पोटातल्या बोगद्यातून, वाटेत एकाही थेंबाला ऊन न दाखवता, दर्रेबीद गावात आणून सोडणारी भुयारी नहर. कुण्या जुन्या नादिरनं ती खणली म्हणून तिचं नाव नादिर, आणि नाव बाप्याचं म्हणून गावाच्या लेखी तो बाप्या. बाप्या एकटा राहिला की झुरतो, पाण्याचाही बाप्या झुरतो, म्हणून त्याला बायको करून द्यायची, आणि तिनं दर महिन्याला त्याच्यात न्हायचं. त्या मुलखात असल्या नवऱ्याबद्दल कुणी डोळे विस्फारत नव्हतं. डोळे विस्फारायचे ते अराक शहरात, ताजमाह हल्ली राहायची त्या मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सुनेच्या मैत्रिणी चहाला आल्या की. ताजमाह त्यांना सांगायची, "तुमचे नवरे रात्री घोरतात. माझा वाहतो. बोला."

पण त्या बुधवारी सकाळी बोलायला तोंड उरलं नाही. शहरातली आंघोळ हा ताजमाहच्या म्हातारपणाचा एकच चोरटा लाड होता. नळ फिरवला की डोक्यावर ऊन ऊन पाणी, हवं तितकं, मागे कुणी ताटकळत नाही, पाळी मोजायची नाही. त्या काचेच्या खोलीत वाफेत उभी राहिली की तिचे गुडघे तिला सोळा वर्षांचे वाटायचे. आणि त्याच क्षणी कुठेतरी काळजात टोचायचं, की बाई, हे पाणी कोणाचं? कुठल्या बिननावाच्या खोल विहिरीतलं, मोटर लावून खेचलेलं, ना त्याची ओळख ना पाळख. टोचायचं आणि ती नळ आणखी थोडा फिरवायची. तर त्या सकाळी डोकं साबणानं माखलेलं असताना नळ खोकला. आधी एकदा, मग दोनदा, म्हाताऱ्यानं खाकरावं तसा, आणि थेंब थेंब होऊन गप्प झाला. त्याच वेळी दारावर टकटक झाली.

"ननेजान," बाहेरून सून नस्तरन म्हणाली, "दर्रेबीदचा फोन आहे. पाटकरी मश्दी यदुल्ला. आत्ताच बोलायचं म्हणतायत."

"म्हणावं, साबणात आहे."

नस्तरन जाऊन सांगून आली. हसू दाबल्याचं दाराआडूनही कळत होतं. "ते म्हणतात, त्याबद्दलच बोलायचं होतं."

टॉवेल गुंडाळून ताजमाहनं फोन घेतला. मश्दी यदुल्ला, गावाच्या पाण्याच्या पाळ्या लावणारा माणूस, आयुष्यभर पाण्याशी ओरडून बोलायची सवय, फोनमध्येही ओरडत होता. "ताजमाह खानुम, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो, रागावू नका. एवढंच विचारायचं होतं, हल्ली आंघोळ कुठे करता?"

"तुझ्या टाळक्यावर, यदुल्ला."

"माझं टाळकं तुमच्या पायाखाली, खानुम. पण हे मी नाही विचारत, गाव विचारतंय. नादिर घोट्याखाली गेला हो. लोक म्हणतात, बायको शहरात परक्या पाण्यानं न्हाते, तो रुसणार नाही तर काय करणार. आणि दुसरंही एक म्हणतात."

"ते दुसरं आधी बोल."

"म्हणतात, ती तिथल्या नानबाईशी, त्या रोटीवाल्याशी, हसून बोलते."

कानावरून साबणाचा ओघळ फोनवर उतरला. ताजमाह पुसायला विसरली. यदुल्ला पुढे बोलतच होता: शुक्रवारी या, रीतीनं न्हा, दफ वाजवू, बायका जमवतो. आणि मग आवाज खाली आणून, म्हणजे साधारण माणसाच्या आवाजात, म्हणाला, की त्यानंतरही नादिर वर आला नाही तर गावानं त्याच्यासाठी दुसरी बायको बघायचं ठरवलंय. कौकब तयार आहे. विधवा, तरुण आहे, गावातच राहते.

त्यानंतर ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि केसातला साबण वाळून कडक होत गेला. नस्तरननं बादलीत पाणी तापवून आणलं, ते तिनं हातानं दूर सारलं. सवत. या वयात सवत. कौकबचे दात पुढे आहेत, हे पहिलं मनात आलं, आणि नादिरला अंधारात दात काय दिसणार, हे दुसरं. तिसरं जे आलं ते तिनं मागे ढकललं, पण ते पुन्हा पुन्हा साबणासारखं डोळ्यांत उतरत होतं: खरंच माझ्यामुळे असेल तर? नानबाई इस्कंदर खाली कोपऱ्यावर तापल्या खड्यांवर रोट्या भाजायचा. विधुर, भुवयांना कायम पिठाची पूड. ताजमाहची रोटी तो खसखस लावून, जराशी करपवून, तिला आवडते तशी बाजूला ठेवायचा, आणि रोज विचारायचा, "आगा नादिर बरे आहेत ना?" ती म्हणायची, "वाहतायत." तो म्हणायचा, "माझा सलाम सांगा. पाण्याशिवाय कणीक भिजत नाही, मी त्यांच्या उपकारात आहे." एवढंच. पण एवढंच म्हणताना तिला आठवलं, की गेल्या वर्षी ती दर महिन्याला गावी न्हायला गेली नव्हती. गुडघे दुखतात म्हणून टाळलं. एकदा बर्फ होतं. एकदा काहीच नव्हतं, नुसतं जावंसं वाटलं नाही, आणि खाली इस्कंदरनं बेह्याच्या फळांचा मुरंबा पाठवला होता.

तिच्या लग्नालाही बर्फ होतं. सफदर जाऊन तीन हिवाळे झाले होते, मुलगा फरामर्ज जेमतेम बोलायला लागला होता, आणि नादिर त्या वर्षी असाच बारीक झाला होता. म्हाताऱ्यांनी येऊन विचारलं, आणि तिनं घरातल्या पिठाच्या कणगीकडे पाहिलं आणि हो म्हटलं. प्रेमबीम काही नव्हतं. करेजाच्या बायकोला प्रत्येक घरून सुगीला गव्हाचं माप मिळतं, एवढं प्रेम तेव्हा पुरे होतं. मुल्ला म्हणाले, पाण्याशी निकाह कुठे सांगितलेला नाही. मग पुलावाचं ताट आलं, तेव्हा म्हणाले, मनाईही कुठे सांगितलेली नाही. मेहेर म्हणून गावानं तिच्या नावे एका वाटीचं पाणी लिहून दिलं. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी मोठ्या घंगाळात सोडायची, ती भरून बुडेपर्यंत नादिरचं सगळं पाणी तिचं. ती वाटी बुडताना बघत बसणं हे तिच्या आयुष्यातलं पहिलं श्रीमंतीचं सुख. बायकांनी शकुनाची म्हणून डोक्यावर साखर घासली, दफ वाजवत तिला करेजात उतरणाऱ्या पायऱ्यांशी नेलं, आणि कंदील हाती देऊन म्हणाल्या, जा, लाजू नको, तो आंधळा आहे. ती कंदील पुढे धरून उतरली. आणि पाय पाण्यात टाकला तर पाणी कोमट. बाहेर बर्फ आणि आत अंगाला अंग लागावं तसं कोमट. इतक्या दिवसांत तिला कुणी असं धरलं नव्हतं. ती तिथे रडली. वर जाऊन मात्र बायकांना सांगितलं, "ठीक आहे. जरा ओलसर आहे." ती गोष्ट गावात अजून सांगतात.

शुक्रवारी फरामर्जनं तिला गाडीतून नेलं. एरवी गाडी चालवताना त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू असतो, सरकारपासून बायकोच्या भावापर्यंत सगळ्यांची हजेरी घेतो. त्या दिवशी तो आरशात नुसता बघत होता. डोंगर जवळ येऊ लागले तसे माळावर नादिरचे खड्डे दिसायला लागले, दर काही अंतरावर मातीचं कडं, हवेची नि गाळ काढायची भोकं, घुशीनं रांगेत उकरल्यासारखी. ताजमाहला ती रांग बघितली की नेहमी नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं आठवायची. आज तिनं बटणांवरून नजर काढून घेतली. अपराध्यासारखी. ताजमाह, जिनं आयुष्यात कुणाची नजर चुकवली नव्हती. रांगेच्या एका बाजूला, गावाच्या वरच्या अंगाला, फरामर्जची नवी बदामाची बाग हिरवीगार उभी होती.

"तुझी झाडं बरी दिसतात," ती म्हणाली.

"देवाची कृपा," तो म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला.

पायऱ्यांशी अख्खं गाव लोटलं होतं. दफ तापवून ताणलेले. यदुल्लानं छातीवर हात ठेवला. मागे कौकब उभी होती, नवी ओढणी घेऊन, दात झाकून. ताजमाहनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पोरी, पोहता येतं का?"

"नाही, खानुम."

"मग घाई करू नको."

बायकांनी जिभा हलवून लुलुलु केलं, आणि ती भिंतीला हात लावत उतरली. खाली पाणी खरंच घोट्याखाली होतं. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला पाण्याची जुनी रेघ होती, गुळगुळीत, वर्षानुवर्षांची. आणि तिच्या खूप खाली आत्ताचं पाणी, मध्ये ओली लाल माती उघडी पडलेली, रोगी माणसाच्या हिरडीसारखी. तिला वाटलं, आपण कुणाला तरी उघडं पाहतोय. पदर सावरावा तसं काहीतरी त्याच्यावर ओढावंसं तिला वाटलं. तिनं ओंजळ भरायला बघितली, हाताला तळाचे खडे लागले. असल्या पाण्यात आंघोळ होत नाही, पाय धुतले जातात. पाय धुऊन परत जायला ती काही पाहुणी नव्हती. आत, वरच्या अंगाला, बोगद्यात एक खोलगट जागा होती, गाळ काढणारे तिथे थांबून भाकर खातात, तिथे पाणी साचतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं बॅटरी घेतली, वाकली, आणि निघाली. गुडघे कुरकुरले, तिनं त्यांना शिवी दिली. दफांचा आवाज मागे मागे गेला, उजेड नाण्याएवढा झाला, मग नाणंही गेलं. अंधारात त्याचा वास होता, पावसाचा नव्हे, पावसाच्या आधीचा. पांढरे आंधळे मासे घोट्यांना लागून गेले. हे तिला तरुणपणी आवडायचं आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

खोलगट जागी ती बसली. पाणी कमरेपर्यंत आलं, कोमट, ओळखीचं. बॅटरी बंद केली, कारण त्याच्यासमोर ती कधी उजेड ठेवत नसे. आणि मग तिला ते जाणवलं. तळव्यांना आधी, मग पाठीला. ठक. ठक. ठक. बारीक, मातीतून येणारं. तिला वाटलं आपलंच काळीज, चालून चढलंय. तिनं छातीवर हात ठेवला. तिचं काळीज वेगळ्या चालीनं पळत होतं. मग हे कोणाचं? केस मोकळे सोडून ती भिंतीला कान लावून बसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं. इतकी वर्षं घुम्यासारखा वाहिला, आणि आज, मी टाकल्यावर, सवत दारात उभी असताना, बोलला. "अहो," ती हळूच म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा, "तुम्हांला काळीज आहे होय?"

काळीज अडखळलं. ठक, ठक... फुस्स. थांबलं. मेला? माझ्या मांडीवर मेला? आणि मग वरून, अगदी डोक्यावरून, काहीतरी खोकलं, एकदा, दोनदा, नळ खोकला होता तसं, घरघरलं, आणि पुन्हा ठक ठक ठक सुरू झालं. ती तशीच बसून राहिली. सफदरच्या मालमोटारीच्या आयुष्यात तिनं डिझेलचं इंजिन सुरू होताना किती सकाळी ऐकलं होतं. ते काळजासारखं वाजतं खरं. पण काळजाला कुणी हँडल मारत नाही. तिनं मनात अंतर मोजलं, गाडीतून पाहिलेली बटणं मोजली, आणि डोक्यावर काय आहे ते तिला कळलं. हिरवीगार बाग. गाडीत गप्प बसलेला मुलगा.

राग यायला हवा होता. आधी आलं ते हसू. अंगातून एखादं ओझं सुटून पाण्यावर तरंगत जावं तसं हलकं, लाजिरवाणं हसू. मी नव्हे! ऊन पाण्याची आंघोळ नव्हे, मुरंबा नव्हे, खसखशीची रोटी नव्हे. पोटच्या पोरानं बापाचं पाणी चोरलं, आणि आई अंधारात बसून हसते. मग राग आला, यथास्थित, आणि तो आल्यावर तिला जास्तच बरं वाटलं.

"फरामर्ज!" ती ओरडली. नादिरनं ते नाव नेऊन पायऱ्यांशी पोचवलं. "बूट काढ आणि आत ये! एकटा!"

तो आला. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोकं दोनदा छताला आपटलेलं. "ननेजान, पडलीस का?"

"बस. कान लाव."

त्यानं लावला. ठक ठक ठक.

"आता बोल," ती म्हणाली.

"विंधण विहीर खणणारा म्हणाला, आपण फार खोल जातोय. नादिरचं पाणी वरचं, आपलं खालचं. पाणी वेगवेगळं आहे."

"ताकाच्या भांड्यात तळाशी नळी घालून ओढलंस, तर वरचं ताक वरच राहतं?"

"नाही."

"मग? डोंगर एकच आहे ना? हा बिचारा डोंगर देईल तेवढंच घेऊन येतो, बर्फ कमी पडलं तर कमी. तुझं इंजिन डोंगराला विचारतं तरी का?"

अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणूनच तो बोलला असावा. "शाळेत पोरं काय म्हणायची ठाऊक आहे? तुझा बाप ओला. तुझ्या बापात म्हशी बसतात. सुगीला तू गव्हाची मापं आणायचीस, आणि मी पोतं धरून मागे. मला माझं स्वतःचं पाणी हवं होतं, ननेजान. कुणाच्या पाळीचं नाही. कुणाच्या मेहेरबानीचं नाही."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं, पोतं धरून तोही तिच्यासारखाच ताठ चालायचा. तिनं अंधारात हात लांब केला, त्याच्या केसांत लागला, केस पातळ झाले होते. मग तिला नेहमीचंच सुचलं.

"म्हशी बसायच्या ते खरंच आहे," ती म्हणाली. "पण त्याच पाण्यावर तू ढेरी येईपर्यंत वाढलास. आणि मेहेरबानी कसली रे? मेहेर आहे ते, माझं. माझ्या वाटीचं पाणी आजपासून तुझ्या बदामांचं. जगतील तेवढी ठेव, उरलेली उपट. ते इंजिन तुझ्या हातानं बंद कर. दुसऱ्याला पाठवू नको. आणि वर गेल्यावर यदुल्लाला सगळं तूच सांग, मी सांगितलं तर गाव आठवडाभर हसेल."

"तू सांगितलं नाहीस तरी हसेल."

"मग हसू दे. वाढलास की आता."

तो गेला, डोकं आणखी एकदा आपटून. ती बसून राहिली. पाणी अंगावरून संथ जात होतं, कसलीही घाई नसलेलं. तिनं साबण काढला, केस चोळले, दोन दिवसांचा वाळलेला शहरी साबण त्या पाण्यात धुऊन टाकला. ठक ठक चालू होतं. ती वाट बघत होती, आणि वाट बघताना तिला वाटलं, हे थांबलं की आपल्याला करमेल का. जरा वेळ का होईना, त्याला काळीज होतं. मग ते थांबलं. पुन्हा खोकलं नाही. जी शांतता आली तिच्यात पाण्याचा आवाज होता, इतका बारीक, की तो पूर्वीपासून तिथेच होता हे कळायला वेळ लागला. पाणी काही वाढलं नाही. आज वाढणार नव्हतं, उद्याही नाही. डोंगर भरायला किती हिवाळे लागतील कोण जाणे. पण नादिर तसाही कधी हाकेसरशी आलेला माणूस नव्हता.

ताजमाह उठली, भिंतीला पाठ टेकली, केस पिळले, आणि पायऱ्यांवर कान टवकारून बसलेल्या साऱ्या गावाला, कौकबला धरून, ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात अंधाराला म्हणाली:

"अहो, ऐका. चूक तुमची नाही, आणि माझीही नाही. चूक पोराची, आणि पोर तुमचंही आहे, तेव्हा रुसवा पुरे. सावकाश या, हिवाळे लागले तर लागू देत, मी कुठे जात नाही. सवतीचं नाव कुणी काढलं तर मी बघून घेईन. आणि त्या नानबाईचं विचाराल, तर रोटी मी त्याच्याकडची खाईन, आंघोळ तुमच्याकडे करीन. संसार असाच होईल. पटत असेल तर वाहा."